फटकाका

नव्या घराच्या वास्तुशांतीला आलेला मराठी माणूस आधी बूट काढतो, मग यजमानांच्या हातात मिठाईचा बॉक्स देतो आणि मान वर करून छताकडे बघत "प्रशस्त आहे हो" म्हणतो. फटकाका बूट काढतात आणि विचारतात, "बेसमेंटचं दार कुठलं?"

त्यांचं खरं नाव मराठी मंडळाच्या सभासद-यादीत आहे, पण वर्गणीच्या पावतीखेरीज ते कुठं वापरलं गेल्याचं ऐकिवात नाही. न्यू जर्सीत एडिसनपासून ब्रिजवॉटरपर्यंत ते फटकाका. इथंच जन्मलेली पोरं त्यांना फोम अंकल म्हणतात आणि त्याचा काकांना मनापासून राग येतो, कारण फोमविषयी त्यांचं मत चांगलं नाही. उंची बेताची, गुडघे कुरकुरणारे, डाव्या अंगठ्याच्या नखाशी करड्या सिमेंटची कायमची कड. सांगलीहून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन इकडे आले, एका औषध कंपनीच्या कारखान्यात जन्मभर पाइपांवर नजर ठेवली आणि निवृत्तीनंतर ती नजर लोकांच्या घरांकडे वळवली. समारंभाला सिल्कचा कुर्ता घालतात. त्याच्या एका खिशात टॉर्च असतो आणि दुसऱ्यात दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा. पाइपाची मागची बाजू बघायला.

आपल्याकडे घराचा पाया जमिनीत असतो आणि एकदा भरला की त्याला कुणी भेटायला जात नाही. न्यू जर्सीत हिवाळ्यात जमीन गोठते, गोठली की फुगते आणि वरचं घर उचलते. म्हणून पाया निदान तीनेक फूट खाली न्यावाच लागतो. एवढं खणलंच आहे तर आणखी थोडं खणू, असं म्हणून लोकांनी तळघरं केली. मराठी माणसाने त्या तळघरात आपला अर्धा संसार भरला. कॅरम तिथं, टेबल टेनिस तिथं, एकांकिकेच्या तालमी तिथं. गणपतीचं मखर, आईवडील येतात त्या बॅगा, कॉस्टकोतून आणलेली तांदळाची पोती, एकदाच वापरलेलं व्यायामाचं सायकलयंत्र, सगळं तिथंच. आणि या सगळ्याच्या भोवती काँक्रीटची भिंत. फटकाकांच्या दृष्टीने ही भिंत म्हणजे मधूनमधून काँक्रीट असलेली भोकं.

पाणी आत यायला एक भोक. सांडपाणी बाहेर जायला एक. गॅसला एक, विजेला एक, एसीच्या तांब्याच्या जोडपाइपांना एक. तळघरातलं पाणी उपसून बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या पाइपाला आणखी एक, म्हणजे पाणी काढायला केलेल्या भोकातूनसुद्धा पाणी येण्याची सोय. शिवाय केबलवाला. केबलवाल्याचा विषय निघाला की काकांचा आवाज चढतो. "वायर केवढी? पाव इंच. ड्रिल केवढं लावलं? एक इंच! मग मधली जागा कुणाची?" समोरचा गप्प. "उंदराची!" पाव इंचाची फट असली की छोटा उंदीर त्यातून आत येतो. भोकात पेन्सिल गेली तर उंदीर गेलाच असं धरायचं, हा काकांचा नियम, आणि तो ते खिशातली पेन्सिल भोकात घालून दाखवतात. पेन्सिल आत गेली की त्यांचा चेहरा उजळतो. नाही गेली तर ते दुसरं भोक शोधतात.

वास्तुशांतीच्या दिवशी काका खाली उतरतात ते देवापुढची एक उदबत्ती उचलूनच. वर गुरुजी सत्यनारायणाच्या कथेच्या चौथ्या अध्यायात पोचलेले असतात, साधुवाण्याच्या जावयाची नाव बुडत असते आणि खाली काका पाण्याच्या पाइपाभोवती उदबत्ती फिरवत असतात. धूर सरळ वर गेला तर ठीक. धूर घराच्या आतल्या बाजूला कलंडला की तिथं फट आहे आणि बाहेरची हवा आत येते आहे. थंडीत हा प्रयोग विशेष रंगतो. घरातली ऊबदार हवा वर चढते, माळ्यातल्या फटींतून निघून जाते आणि तिची जागा भरायला तळाच्या भोकांतून गार हवा आत ओढली जाते. म्हणजे गॅसचं बिल वरून जातं आणि थंडी खालून येते. गॅसच्या पाइपाजवळ मात्र उदबत्ती न्यायची नाही, एवढं तारतम्य काकांना आहे. तिथं ते तळहात धरून बघतात. वर येतात ते थेट यजमानांपाशी आणि पूजेला बसलेल्या त्या जोडप्याच्या कानाशी वाकून सांगतात, "घर उत्तम. पाच ठिकाणी उघडं आहे." नंतर आरतीत त्या यजमानाचं लक्ष लागत नाही.

काकांची खरी विद्वत्ता कळते ती काय कशाने बुजवायचं या प्रश्नावर. डब्यातला फोम म्हणजे आळशांचं औषध. हवा अडवायला ठीक आहे, पण पाण्याचा दाब आला की तो टिकत नाही आणि उंदीर तो कुरतडून आत येतो. एका आयटीतल्या तरुणाने काकांना न विचारता अख्खा डबा एका भोकात रिकामा केला होता. फोम फुगत फुगत बाहेर आला आणि त्याने वॉशिंग मशीनच्या नळाची चावी गिळली. तरुणाने तो घाईने हाताने पुसला. ओला असतो तोवर फोम ॲसिटोनने निघतो, वाळल्यावर कशानेच निघत नाही, कातडी बदलेपर्यंत अंगावर राहतो. त्या आठवड्यात हा मुलगा कुठल्याही ऑनलाइन मीटिंगला डावा हात दाखवत नव्हता. काकांनी ते भोक पुन्हा कोरलं, फोम काढला आणि तांब्याची जाळी चुरगळून आत ठासली. लोखंडी काथ्या गंजतो, तांबं गंजून जात नाही आणि उंदराच्या दातांना ते आवडत नाही. वर सीलंट. हे करताना काका त्या मुलाशी एक अक्षर बोलले नाहीत. डॉक्टर आधीच्या वैदूचा लेप धुताना बोलत नाही, तसे.

पाइप हलतो, हे काकांचं दुसरं सूत्र. गरम पाण्याने तो लांबतो, पंप सुरू झाला की थरथरतो. त्याच्याभोवती नुसतं कडक सिमेंट लिंपलं तर वर्षभरात केसाएवढी चीर पडते आणि आपण होतो तिथंच. म्हणून भोकात आधी फोमची गोल दोरी दाबून बसवायची, मग पॉलियुरेथेनचं लवचिक सीलंट भरायचं. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी. ते पाइपाला चिकटलं पाहिजे, भिंतीला चिकटलं पाहिजे, मागच्या दोरीला मात्र चिकटता कामा नये. तिन्हीकडे चिकटलं तर ताणायला जागा राहत नाही आणि ते फाटतं. हे सांगून झालं की काकू शेजारून म्हणतात, "सासू, नवरा आणि माहेर, तिन्हीकडे आम्ही चिकटलोच होतो की. कुठं फाटलो?" काका यावर काही बोलत नाहीत, कारण हा मटेरियलचा प्रश्न आहे.

पण त्यांना खऱ्या अर्थाने रंगलेलं बघायचं असेल तर वाहत्या भोकासमोर बघावं. भिंतीतून पाणी येत असतानाच बुजवायचं असलं की हायड्रॉलिक सिमेंट लागतं. काका आधी छिन्नीने भोक मोठं करतात, तेही तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, म्हणजे आतला गोळा बाहेर निसटणार नाही. मग ब्रशने धूळ काढतात. हातमोजे घालून मूठभर सिमेंटवर थोडं पाणी घेतात आणि काकूंना शिकवलेल्या नव्हे, काकूंकडून शिकलेल्या कौशल्याने त्याचा मोदकासारखा निमुळता गोळा वळतात. लगेच लावत नाहीत. हातात धरून थांबतात. मोज्यातून गोळा गरम लागायला लागला, म्हणजे धरायला लागला, की तो भोकात घालून अंगठ्याने दाबतात आणि तसेच राहतात. घड्याळ बघायला हात मोकळा नसतो, म्हणून पाढे म्हणतात. बारापासून सुरू करतात. एकोणीसच्या पाढ्यापर्यंत कोपरावरून पाणी ओघळत असतं, विसाच्या पाढ्याला थांबतं. तीन-चार मिनिटांचा हा कार्यक्रम. हे सिमेंट घट्ट होताना आकसत नाही, किंचित फुगतं. काका अंगठा काढतात आणि मागे सरकून बघतात. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते मुलीच्या ग्रॅज्युएशनच्या फोटोत नाही. फोटो मी पाहिला आहे.

तांब्याचा किंवा गॅसचा पाइप मात्र उघडा सिमेंटात गाडायचा नाही, भोवती स्लीव्ह हवी, हे ते पुन्हापुन्हा बजावतात. आणि भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर सगळेच हिशेब चुकतात, कारण पाणी एका ब्लॉकच्या पोकळीत शिरतं आणि पोकळी-पोकळीतून जात भलत्याच ठिकाणी बाहेर पडतं. अशा घरी काका आरोपीवर एकदम हात टाकत नाहीत.

रात्री-अपरात्री त्यांना फोन येतात. जुलैत एका घरून आला, पाइपातून पाणी ठिबकतंय म्हणून. काका बॅटऱ्या बदलून गेले. पाइप हाताने पुसला, थोडा वेळ थांबले, पुन्हा पुसला. "घाम आहे," एवढंच म्हणाले. बाहेरची दमट हवा थंड पाइपाला लागली की पाणी सुटतं, भिंतीचा त्यात काही दोष नसतो. भिंतीची शंका मिटवायची असेल तर तिच्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवायचा. पाणी खोलीकडच्या बाजूला आलं तर हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला आलं तर झिरपणारं. त्या घरी पाणी खोलीकडच्या बाजूला आलं. पाइपावर आवरण घाला आणि दमटपणा शोषणारं यंत्र लावा, असं सांगून काका घरी परतले. दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं काकू सांगतात.

जेवणाच्या पंगतीत काका रेडॉनचा विषय काढतात. श्रीखंडाची वाटी हातात असते आणि तो किस्सा असा. 1984 सालच्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारा स्टॅन्ली वॉट्रास नावाचा इंजिनिअर कामावर गेला की किरणोत्साराचे अलार्म वाजायचे. केंद्र तर अजून सुरूच व्हायचं होतं. मग किरण आले कुठून? घरून! जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा रेडॉन वायू त्याच्या घरात भरला होता. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नंतर एक लिटर हवेत चार पिकोक्युरी ही उपाय करण्याची मर्यादा ठरवली, आणि याच्या घरात होते सुमारे 2,700. इथं काका थांबतात, चमचा चाटतात आणि आवाज खाली आणून सांगतात की ज्या खडकाच्या पट्ट्यातून हे आलं तो पट्टा न्यू जर्सीतूनही जातो. फुप्फुसाच्या कॅन्सरचं धूम्रपानाखालोखालचं कारण म्हणजे हा वायू, ना वास, ना रंग. पंगतीतले चार-पाच चेहरे बेसमेंटच्या दाराकडे वळतात. नुसत्या फटी बुजवून रेडॉन भरवशाने कमी होत नाही, फरशीखालून हवा ओढून छपरावर सोडणारा पंखा बसवावा लागतो, हेही काका प्रामाणिकपणे सांगतात. पण ते जरा हळू आवाजात, बहुतेक मठ्ठा वाढला जात असताना.

पुण्याला ते दर दोन वर्षांनी जातात. भावाच्या सोसायटीत पार्किंग जमिनीखाली आहे आणि पावसाळ्यात तिथं पंप चालू असतो. एकदा काका विमानातून उतरून झोप न काढता खाली गेले. भिंतीतून येणाऱ्या पाइपाभोवती गोणपाट, त्यावर सिमेंट, त्यावर एका दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, आणि त्या पिशवीतून संथ धार. काकांनी प्लंबरला बोलावून घेतलं. भिंत ओततानाच पाइपावर पाणी अडवणारी लोखंडी चकती, म्हणजे पडल फ्लँज, का घातली नाही, घातली नाही तर भोवतीचं चिपिंग करून नॉन-श्रिंक ग्राउट का भरलं नाही, असं विचारलं. प्लंबरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब," तो म्हणाला, "आपण इथलं बंद केलं तर ते शेजारून निघंल. इथं निघतंय तर निदान बादली लावायला जागा आहे." काका त्या दिवशी बराच वेळ बादलीपाशी उभे होते. अमेरिकेत आल्यावर हा किस्सा त्यांनी स्वतः कधी सांगितला नाही, मला तो भावाकडून कळला.

मग आला 1 सप्टेंबर 2021. आयडा वादळाचं उरलंसुरलं न्यू जर्सीवर कोसळलं आणि नेवार्कला त्या एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाऊस पडला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझचे 944 मिलिमीटर बघितलेले मुंबईकर याला हसतात. त्यांनी हसू नये, कारण तेव्हा त्यांचा गणपती तिसऱ्या मजल्यावर होता. इथं गणेश चतुर्थी नऊ दिवसांवर आली होती आणि घरोघरची मखरं तळघरांत तरंगत होती. फटकाकांचा फोन रात्रभर वाजत होता. ते आपल्या तळघरात टॉर्च घेऊन उभे, पायाखाली फरशी कोरडी, आणि एकेकाला धीर देत होते. "पाण्याच्या प्रत्येक फुटाला चौरस फुटामागे 62 पौंड दाब, लक्षात आलं? माझ्याकडे? माझ्याकडे थेंब नाही."

"अहो," जिन्यावरून काकू म्हणाल्या, "विजेच्या पेटीतून पाणी येतंय."

काकांनी विजेच्या पाइपाभोवतीची फट अशी बुजवली होती की तिथून वारा जाणार नाही. पाणी पाइपाच्या भोवतीने आलंच नाही. ते बाहेरच्या मीटरपासून पाइपाच्या आतून, तारांच्या सोबतीने, सरळ खाली उतरलं. पेटीला हात न लावता काकांनी काकूंना वर नेलं, इलेक्ट्रिशियनला बोलावलं, वीजपुरवठा बंद करवला. नंतर त्या माणसाने पाइपाच्या वरच्या तोंडात करड्या रंगाचा, कधीच न वाळणारा डक्ट सीलचा गोळा भरला. दोन बोटांनी, पाढे न म्हणता. बिल मात्र पाढ्यांत मावणारं नव्हतं.

पुढचं काकूंचं काम. त्या आठेक वर्षं सांगत होत्या की कोपऱ्यातला पन्हळीचा उभा पाइप छपराचं सगळं पाणी भिंतीच्या पायाशीच ओततो. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला की 2,300 लिटरहून जास्त पाणी होतं, आणि ते सगळं त्यांच्या गुलाबाच्या वाफ्यात उतरून भिंतीला टेकत होतं. काका दर वेळी म्हणत, "पन्हळ हा सिव्हिलचा विषय आहे, मी मेकॅनिकल." आयडानंतर काकूंनी दुकानातून काळा पन्हळीदार पाइप आणला, पन्हळीच्या तोंडाला जोडला आणि दहा फूट लांब उतारावर नेऊन सोडला. भिंतीलगत माती टाकून दहा फुटांत सहा इंच उतार करून घेतला. गुलाब दुसरीकडे लावले.

तेव्हापासून त्या घराची भिंत कोरडी आहे. मोठा पाऊस लागला की काका अजूनही खाली जातात, खुर्ची मांडून बसतात, आरसा पाइपामागे धरून बघतात आणि अर्ध्या तासाने वर येऊन म्हणतात, "काही नाही." असं म्हणताना कुणीतरी त्यांना येणारी पत्रं बंद केल्यासारखा आवाज असतो. या काळात मंडळातल्या इतरांच्या तळघरांत त्यांचं जाणं-येणं वाढलं आहे आणि त्यांच्या हाताखालची भोकं खरोखर नीट बुजतात, हे मी स्वतःच्या घराच्या अनुभवावरून सांगतो. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, साखर कमी.

तेव्हा इकडे घर घेतलंत तर त्यांना जरूर बोलवा. शक्यतो ऑक्टोबरच्या आसपास, भिंत कोरडी असताना, म्हणजे सीलंट धरतं. जेवणाच्या आधी बोलवा. आणि पन्हळीचं पाणी तुम्ही आधीच भिंतीपासून दहा फूट लांब सोडलेलं असेल, तर मेहेरबानी करून त्यांना ते सांगू नका.